वाड्यांना चुना लावा, पण खराखुरा

पावसाळा लागला की नाशिकमध्ये दोन बातम्या ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं: गुडघ्याला, कमरेला की छातीला. दुसरी म्हणजे जुन्या नाशकातल्या कुठल्याशा गल्लीत वाड्याची भिंत पडली. मग पेपरात फोटो. अर्धी उभी भिंत, तिच्यातला कोनाडा, खुंटीला अजून लटकलेलं कॅलेंडर. महापालिका म्हणते आम्ही नोटीस दिली होती. मालक म्हणतो भाडेकरू निघत नव्हते. भाडेकरू म्हणतो जाऊ कुठे? आणि आपण सगळे त्या फोटोखाली लिहितो, "अरेरे, एक संस्कृती संपली".

मला या "अरेरे"चाच राग आहे. आज त्याबद्दलच लिहितोय.

वाड्यांवर प्रेम करणं आता फार स्वस्त झालंय. रविवारी सकाळी हेरिटेज वॉकला जायचं, सराफ बाजारातून भद्रकालीपर्यंत चालायचं, नक्षीदार खांबाला टेकून फोटो काढायचा, वर मिसळ हाणायची आणि गंगापूर रोडवरच्या आठव्या मजल्यावर परत. संध्याकाळी जेवायला 'वाडा' नावाच्या हॉटेलात, जिथे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या महिरपी आहेत आणि तुळशीवृंदावन फायबरचं आहे. नव्या टाउनशिपच्या जाहिरातीतही 'वाडा संस्कृती' असते. म्हणजे काय, तर लॉबीत एक पितळी समई :)

या सगळ्यात खऱ्या वाड्याला काय मिळतं? शून्य. फुकट आनंद घेणारे आपण, आणि गळणाऱ्या छताखाली बादली ठेवणारा दुसराच कोणीतरी. जो खर्च करत नाही त्याला "हे पाडू नका हो" म्हणायचा अधिकार किती, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारतच नाही.

आता पहिला गैरसमज. "जुने झाले, म्हणून पडतात." चूक. वाडे वयामुळे पडत नाहीत. नारोशंकराचं देऊळ १७४७ सालचं आहे, नदीच्या अगदी काठावर आहे, १९६९, २००८, २०१६, २०१९ असे मोठमोठे पूर अंगावर घेऊन उभं आहे. "अहो ते तर दगडी देऊळ!" मान्य. मग सरकारवाडा घ्या. पेशवाईतला, दगड आणि लाकूड, सराफ बाजाराच्या तोंडाशी. तो उभा आहे, कारण त्याला राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, म्हणजेच त्याची डागडुजी करणं हे कुणाचं तरी काम आहे. शेजारच्या गल्लीतल्या वाड्याची डागडुजी कुणाचंच काम नाही. दोन वाड्यांतला खरा फरक तेवढाच.

वाडा कसा उभा असतो ते जरा बघू या. खाली काळ्या पाषाणाचं जोतं. त्यावर दगडी तळखडे, त्यावर सागाचे खांब, खांबांवर तुळया, त्यावर कड्या आणि पाटाई. बहुतेक वाड्यांत भार या लाकडी सांगाड्यावर असतो आणि मधली भिंत हा भरणा असतो. पातळ भाजक्या विटा, नाहीतर पांढरी माती. (काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण, हे शब्द आपण विसरलो. पांढरीची माती घरालाच वापरायची.) भिंत दोन-अडीच फूट जाड. बाहेरून चुन्याचा गिलावा. मध्ये चौक, जिथून गरम हवा वर निघून जाते. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळीसच्या पुढे जातो तेव्हा माजघरात पंख्याशिवाय बसता येतं, ते काही पूर्वजांच्या पुण्याईने नव्हे. जाड माती तापायला दिवस लागतो आणि तोवर संध्याकाळ होते, एवढंच ते साधं गणित आहे.

या रचनेचा एकच शत्रू, साचलेलं पाणी. कौल सरकलं, पन्हळ तुंबली, मोरीचा पाइप भिंतीत फुटला, की पाणी खांबाच्या बुडाशी जातं. लाकूड पाण्याने नव्हे, सतत ओलं राहिल्याने कुजतं. पूर्वी दर उन्हाळ्यात कौलं चाळायची पद्धत होती. म्हणजे फुटकी काढायची, सरकलेली बसवायची. आमच्या भाषेत सांगायचं तर मेंटेनन्स विंडो. ती बंद झाली आणि वाडे पडायला लागले. पडायला लागले म्हणून ती बंद झाली नाही. हा क्रम नीट लक्षात घ्या, कारण सगळा वाद इथेच आहे.

आणि ज्यांनी दुरुस्ती केली त्यांनी काय केलं? सिमेंट लावलं. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा म्हणजे तापाच्या माणसाला प्लास्टिकच्या पिशवीत घालण्यासारखं आहे. माती ओल घेते आणि सोडते. चुना त्या ओलीला बाहेर जाऊ देतो, सिमेंट देत नाही. जमिनीतून चढलेली ओल भिंतीत अडकते, आतली माती भुसभुशीत होते, खांबाचं बूड कुजतं, आणि बाहेरून भिंत मस्त गुळगुळीत दिसते. मग एका रात्री सगळं एकदम खाली. लोक म्हणतात, "बघा, दुरुस्ती करूनही पडला." अहो, त्या दुरुस्तीमुळेच पडला!

चुना लावणे या शब्दप्रयोगाला आपल्याकडे भलताच अर्थ आहे. वाड्यांना तोच चुना लागला. खरा चुना कुणी लावलाच नाही. चुनखडी भाजायची, कळी विरवायची, घाणीत बैलाच्या दगडी चाकाखाली वाळूबरोबर मळायची, त्यात गूळ, हिरडा, उडीद, बेलफळ असलं काहीबाही घालायचं. हे जाणणारा गवंडी आज शोधून काढावा लागतो. घाणीचं दगडी चाक मात्र बागेत शोभेला ठेवलेलं दिसतं.

आणखी एक गोष्ट फोटोत दिसत नाही. गल्लीतले वाडे एकमेकांना खेटून, सामाईक भिंतीवर उभे असतात. मधला एक पाडला की दोन्ही शेजाऱ्यांची आतली भिंत, जिने शंभर-दीडशे वर्षांत पाऊस बघितलेला नाही, ती उघडी पडते. पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत ती जाते. म्हणजे "माझा वाडा, मी पाडीन" हे वाक्य दिसतं तितकं खाजगी नाही. एक मॉड्यूल डिलीट केलं आणि डिपेंडन्सी कुणी तपासलीच नाही, असा प्रकार.

आता पैशाचं बोलू, कारण मालकाला शिव्या घालणं फार सोपं असतं.

१९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं गोठवलं, तेही १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं त्यावर. युद्धानंतरच्या टंचाईत ते कदाचित गरजेचं होतं. पण तात्पुरती म्हणून केलेली गोष्ट अर्धं शतक चालली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेच मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग १९९९चा नवा कायदा आला, ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा आहे. छान! हिशेब करू या. २००० साली एखाद्या खोलीचं भाडं ५० रुपये होतं असं धरा. दरवर्षी न चुकता ४ टक्के वाढवलं, तर पंचवीस वर्षांनी ते होतं साधारण १३३ रुपये. अशा दहा खोल्या असल्या तरी महिन्याला तेराशे. यात कौलं चाळायची? सागाची तुळई बदलायची? तेवढ्यात गवंडी जिनासुद्धा चढणार नाही.

बरं, भाडेकरू तरी खलनायक आहे का? नाही. तो तिथे तीन पिढ्या राहतोय, त्याचं दुकान खाली आहे, मुलांची शाळा जवळ आहे आणि बाहेर त्याच्या ऐपतीत काही मिळत नाही. तो निघाला तर परत यायला मिळेल याची खात्री नाही. म्हणून तो निघत नाही. दोघंही आपापल्या जागी शहाणपणाने वागतात आणि त्यातून भिंत पडते. ज्याचं नुकसान होतं ते दोघांचंही नसतं, शहराचंही असतं. पण शहराच्या खात्यातून एक रुपया येत नाही.

येते ती नोटीस. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली. आता गंमत बघा, ते कलम आयुक्तांना फक्त "पाडा" म्हणायचा अधिकार देत नाही. बांधकाम पाडायला, सुरक्षित करायला किंवा दुरुस्त करायला सांगता येतं. पण दुरुस्त करा म्हटलं की कशी, कोणी, कुठल्या पैशाने हे प्रश्न येतात. पाडा म्हटलं की फाइल बंद. म्हणून दर मे महिन्यात धोकादायक वाड्यांची यादी निघते. कुठला वाडा थोडक्या कामात वाचेल, याची यादी मी तरी कधी पाहिली नाही.

पाडल्यावर काय होतं? बिल्डर येतो आणि टॉवर होतो, असं आपल्याला वाटतं. जुन्या नाशकात तेही सहज होत नाही. डिसेंबर २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वाढीव एफएसआय रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला आहे. जिथून रिक्षा जाताना दोन्हीकडचे ओटे घासतात, तिथे तो मिळणार किती? त्यामुळे वाडा जातो आणि जागेवर पत्र्याचं कुंपण, आत चार मोटरसायकली. सागाचे खांब आणि दिंडी दरवाजा मात्र लगेच जुन्या लाकडाच्या बाजारात जातात, आणि तिथून कुणाच्या तरी फार्महाउसवर. वाडा मेला की त्याची किंमत येते, जिवंत असताना येत नाही. ही व्यवस्था बदलल्याशिवाय कितीही हेरिटेज वॉक काढा, उपयोग नाही.

यावर उपाय म्हणून क्लस्टर डेव्हलपमेंटची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. सगळी गल्ली एकत्र करा, सपाट करा, नव्याने बांधा. आमच्या धंद्यात याला फुल रीराइट म्हणतात, आणि त्याबद्दल जोएल स्पोल्स्कीने २००० साली लिहिलेला लेख बहुतेक प्रोग्रामरांनी वाचलेला असतो. नेटस्केपने जुना कोड फेकून ब्राउझर पहिल्यापासून लिहायला घेतला, त्यात तीन वर्षं गेली आणि बाजारही गेला. त्याचा मुद्दा साधा होता: जुना कोड वेडावाकडा दिसतो, कारण त्यातली प्रत्येक विचित्र ओळ हा कुठल्या तरी सापडलेल्या बगचा इलाज असतो. वाड्याचं तसंच. जोतं इतकं उंच का? पुराचं पाणी. वळचण इतकी पुढे का? भिंतीला पाऊस लागू नये. गल्ली इतकी अरुंद आणि वाकडी का? दुपारभर सावली राहते. खिडक्या रस्त्याकडे लहान आणि चौकाकडे मोठ्या का? धूळ, ऊन आणि चोर. हे सगळं सपाट केलं की ते बग परत येतात, आणि मग आपण प्रत्येक खोलीला एसी लावतो.

पण थांबा. यावरून कुणी "आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" असा सूर लावणार असेल, तर माझा त्यालाही विरोध आहे. वाडा ही नुसती रचना नव्हती, ती एक व्यवस्थाही होती. त्यात बाजूला बसायचा कोपरा होता. माजघराच्या उंबऱ्याबाहेर न दिसलेल्या बायका होत्या. केशवपन झालेली आत्या होती. मागच्या बोळातून मैला उचलायला येणारा माणूस होता, ज्याला पुढच्या दरवाजाने कधीच येता आलं नाही. याच जुन्या वस्तीतून पूल ओलांडला की पंचवटीत काळाराम मंदिर आहे, जिथे २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तरीही पाच वर्षं दार उघडलं नाही. ज्यांच्या आज्यांना त्या वाड्यांच्या ओसरीवर पाय ठेवता आला नाही, त्यांनी वाडा पडल्यावर का रडावं? रडू नये. मीही रडा म्हणत नाहीये.

म्हणूनच मला 'वाडा संस्कृती' वाचवण्यात काडीचा रस नाही. जाड भिंत, चौक, चुना, कौल, आणि ते हाताळणारे हात वाचवण्यात आहे. ती व्यवस्था गेली हे उत्तम झालं. तंत्र जायचं कारण नव्हतं. आणि तंत्र फक्त वाड्यातच नाही. येवल्यात विणकराच्या घरात बसायच्या खोलीतच मागाचा खड्डा असतो. जुन्या नाशकात तांबटांच्या घरात खाली ठोकाठोक, वर संसार. पेठ-सुरगाण्याकडे कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेली घरं. त्या कुडाच्या घरांच्या जागी आज पत्रा आणि सिमेंटची घरकुलं येतात. पक्कं घर मिळणं हा त्या माणसाचा हक्कच आहे, पण मे महिन्यात त्या पत्र्याखाली दुपारी बसून बघा. 'पक्कं' म्हणजे सिमेंट हे कुणी ठरवलं? ज्यांचे कोणी मोठे झाले नाहीत त्यांच्या घरांना तर आपण वारसाही म्हणत नाही. भगूरचा सावरकर वाडा जपला गेला, कारण तिथे सावरकर जन्मले. वाचण्यासाठी प्रत्येक घरात कुणीतरी जन्मावंच लागतं का?

"हे सगळं श्रीमंत देशांत ठीक आहे हो." ठीक, तर श्रीमंत देशाचंच उदाहरण घेऊ. स्कॉटलंडमध्ये फाइफ नावाच्या भागात किनाऱ्यावर कोळ्यांची आणि विणकरांची छोटी दगडी घरं आहेत, कौलारू, चुन्याने रंगवलेली. कुलरॉस (उच्चार 'कूरस'!), क्रेल, पिटनवीम ही त्यातली गावं. विसाव्या शतकात ही घरं म्हणजे ओल, अंधार आणि गरिबी होती, आणि पाडून टाकावीत हाच शहाणा विचार मानला जाई. तिथल्या नॅशनल ट्रस्टने १९३२ साली कुलरॉसची मुख्य हवेली घेतली. पण खरी अक्कल पुढे, १९६० साली दाखवली. त्यांनी एक फिरता निधी काढला. पडकं घर विकत घ्यायचं, नीट दुरुस्त करायचं, आत न्हाणीघर-स्वयंपाकघर आजचं द्यायचं आणि विकून टाकायचं. विकताना करारात अट घालायची की बाहेरचं रूप बदलायचं नाही. आलेल्या पैशातून पुढचं घर. म्युझियम नाही, तिकीट नाही. घरात माणसं राहतात, संध्याकाळी दिवा लागतो.

यात कुठला पैसा असा आहे जो नाशिकमध्ये नाही? २०१६ साली हे शहर स्मार्ट सिटीच्या यादीत आलं. दर बारा वर्षांनी सिंहस्थाला रस्ते, घाट आणि पूल यांवर प्रचंड खर्च होतो, २०१५ला झाला आणि २०२७चाही आहे. त्यातला एक चिमूटभर भाग अशा फिरत्या निधीला का नको? मुंबईच्या हेरिटेज नियमांत १९९५पासून मालकाला न वापरलेल्या बांधकाम हक्काचा टीडीआर देण्याची सोय आहे. म्हणजे वाडा ठेवायचा आणि हक्क दुसरीकडे विकायचा. अहमदाबादने आपल्या पोळांतली लाकडी घरं पुढे करून २०१७ साली जागतिक वारसा शहराचा मान मिळवला. ती घरंही अशीच होती, अरुंद गल्ली, सामाईक भिंत, परागंदा मालक.

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रत्येक वाडा ठेवा असं मी म्हणत नाही. काही खरोखर गेलेले आहेत, आत माणसं असताना ते ठेवणं गुन्हा आहे. पण पाडायच्या यादीबरोबर वाचवायची यादीही निघू द्या. लाकडाची आणि चुन्याची समज असलेल्या इंजिनिअरच्या सहीशिवाय "धोकादायक" हा शिक्का मारू नका. दुरुस्तीसाठी बाहेर पडणाऱ्या भाडेकरूला परत येण्याची लेखी हमी द्या. आणि आयटीआयमध्ये चुन्याचं काम शिकवा. चार मुलांना तरी पोटाला लागेल.

हे झालं सरकारचं. आता तुमचं. होय, तुमचंच.

कारण मंडळी, 'परागंदा मालक' म्हणजे कोण? जुन्या वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर वीस-पंचवीस नावं असतात. पणजोबा गेले, वारस लागले, कुणीच वाटणी केली नाही. एक नाव पुण्यात, दोन बंगलोरला, एक न्यू जर्सीला. प्रत्यक्ष राहतो तो एखादा काका, ज्याला कौल बदलायचं तरी चोवीस जणांना विचारावं लागतं आणि कुणी फोन उचलत नाही. कुणीच सही करत नाही, कारण "पुढेमागे काही मिळेल". दोन हजार चौरस फुटांचे पंचवीस वाटे म्हणजे ८० चौरस फूट, आपल्या बाल्कनीएवढे. त्या बाल्कनीच्या आशेवर आपण अख्खा वाडा कुजवतो आणि पडला की फोटोखाली "अरेरे" लिहितो.

तेव्हा हेरिटेज वॉकच्या आधी हे करा. गावाकडच्या, जुन्या शहरातल्या त्या घराचं प्रॉपर्टी कार्ड काढा. आपलं नाव आहे का बघा. असेल, तर दोनच प्रामाणिक रस्ते आहेत. नको असेल तर जो राहतो त्याच्या नावे हक्कसोड पत्र करून मोकळे व्हा. हवं असेल तर पैसे घाला, आणि मे महिना संपायच्या आत काकांना फोन करून विचारा, की कौलं चाळली का, पन्हळ साफ केली का आणि त्याचा माझा वाटा किती.